तेरावी बाटली

"बाटल्या तेरा का मांडल्यात?" हत्तुरे सरांनी विचारलं.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, मागून उघडा हिरवा गाऊन घालून टेबलावर पडलेला माणूस सहसा असलं काही विचारत नाही. तो भिंतीकडे बघतो, देवाचं नाव घेतो, नाहीतर "लवकर आटपा" म्हणतो. पण सर आडवे झाले तरी सरच होते. टेबलावर चढण्याआधी त्यांनी बधिर करायच्या इंजेक्शनवरची तारीख वाचून घेतली होती आणि कमटम सिस्टरना हातमोजे बदलायला लावले होते.

"तेरावी यंत्राची हाय सर," सिस्टर म्हणाल्या. "त्या ठिपक्याची."

"उचला ती."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

"ताकभाते, माझी पद्धत तुला माहीत आहे," सर भिंतीकडे तोंड करूनच बोलत होते. "बारा म्हणजे बारा. काही असेल तर त्या बारांत सापडेलच. उगाच तेरावं भोक कशाला पाडायचं?"

"हो सर," मी म्हणालो.

सिस्टरनी बाटली उचलून ट्रेखाली ठेवली.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सर मूत्ररोग विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. आधी विद्यार्थी म्हणून, मग सहायक म्हणून, अशी अकरा वर्षं काढली होती. पोट कसं कापायचं इथपासून नातेवाइकांशी बोलताना खिशात हात घालायचा नाही इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलेलं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांच्या बोटाची ख्याती पार विजापूरपर्यंत होती. प्रोस्टेट ही प्रत्येक पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली असणारी अक्रोडाएवढी गाठ. ती मागच्या वाटेने बोट घालून तपासतात. सरांनी बोट घालून "इथे काहीतरी आहे" म्हटलं की तिथे काहीतरी असायचंच.

बोटाने शंका आली, किंवा रक्तातला आकडा वाढला, की सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासायला पाठवायचे. ते बारा. सहा उजवीकडून, सहा डावीकडून, ठरलेल्या जागांवरून. एका वर्षी दोन पेशंटच्या बाटल्यांची अदलाबदल झाली होती, तेव्हापासून सरांनी एक शिस्त घालून दिली. ज्याच्या हातात सुई मारायची गन, त्याने प्रत्येक तुकड्याची जागा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. सिस्टरनी तोच आकडा परत म्हणून तुकडा त्या नंबरच्या बाटलीत टाकायचा. दुसरीकडे ही शिस्त मी कुठे पाहिली नाही. नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी हसायचे, दुसऱ्या दिवशी तेही मोजायला लागायचे.

यंत्र मात्र मी आणलं होतं. म्हणजे आणलं ट्रस्टने, पण विश्वस्तांच्या मागे लागून लागून त्यांना राजी केलं मी. पेशंटचा एमआरआय त्या कॉम्प्युटरला दाखवला की तो स्वतः वाचायचा आणि संशयाची जागा लाल ठिपक्याने दाखवायचा, शेजारी शंभरापैकी किती संशय तेही लिहायचा. मग आपण सोनोग्राफी लावून सुई घालायला बसलो की तोच लाल ठिपका समोरच्या हलत्या चित्रावर येऊन बसायचा. सुईची वाट ठिपक्यातून जायला लागली की ठिपका पिवळा व्हायचा. माणूस वर्षानुवर्षं हजारो फोटो बघून जे शिकतो ते याने लाखो फोटो बघून शिकलेलं, असं मी सांगत फिरायचो. अगदी विक्रेत्यासारखा सांगत फिरायचो, हे आज कबूल करतो.

सरांना ते पसंत नव्हतं. सर टेबलावर झोपले त्या दिवसाच्या महिनाभर आधी विभागाची सभा झाली. सरांनी सगळ्यांसमोर हिशेब मांडला: चाळीस पेशंट झाले, त्यांतल्या नऊ जणांत यंत्राने ठिपका दाखवला तिथे काहीच निघालं नाही.

"नऊ माणसांना ताकभातेंच्या कॉम्प्युटरने उगाच टोचून काढलं," सर म्हणाले. सगळे हसले.

मी उठलो. त्याच चाळिसांत चार माणसं अशी होती की ज्यांचे बारा तुकडे स्वच्छ आणि ठिपक्याचा तेरावा तुकडा कॅन्सरचा. ती चार नावं मी वाचून दाखवली. त्यांतल्या दोघांना सरांनी बोटाने तपासून निर्धास्त घरी पाठवलं होतं, हेही म्हणालो. ते म्हणायची गरज नव्हती. मागच्या रांगेत एका विश्वस्ताने टाळी वाजवली आणि मग आणखी चारपाच जणांनी वाजवली. पण त्यानंतर अकराच्या चहाला त्यांनी मला हाक मारली नाही, आणि अकरा वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

मग दोनच आठवड्यांत त्यांच्या स्वतःच्या रक्तातला आकडा वाढलेला आला. वय सहासष्ट. त्यांनी मला बोलावून एमआरआयचं पाकीट माझ्या टेबलावर टाकलं.

"तू बघ. मी पेशंट आहे," म्हणाले आणि गेले.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर "विशेष काही नाही" असं सरांना आधीच कळवलं होतं. मी फोटो यंत्राला दाखवले. लाल ठिपका आला. शंभरात एक्क्याऐंशी. ठिपका होता गाठीच्या पुढच्या भागात, पोटाच्या बाजूला, अगदी मध्यावर. तिथे तशीही थोडी काळी सावली दिसतेच, त्यामुळे माणसाचं दुर्लक्ष होणं साहजिक होतं. बोट पोचतं मागच्या भागापर्यंत. आणि आमची सुई मागूनच जात असल्यामुळे ते ठरलेले बारा तुकडेही मागचे आणि कडेचे असतात. पुढच्या भागात मुद्दाम सुई नेल्याशिवाय तिथलं काही हाती लागत नाही. हे मला माहीत होतं. सरांनीच शिकवलं होतं.

तर टेबलावर सर, हातात गन, ट्रेमध्ये बारा बाटल्या.

"चालू कर," सर म्हणाले.

"उजवी बाजू, वरचा, एक."

खट्. सुई जाऊन आली.

"एक," सिस्टर म्हणाल्या.

"उजवी बाजू, मधला, दोन."

खट्. सरांचा खांदा जरासुद्धा हलला नाही. तिसऱ्याला त्यांनी मला कोन थोडा कमी करायला सांगितलं. स्क्रीन त्यांच्या पाठीमागे होता, तरी नुसत्या दाबावरून त्यांना कोन कळत होता. मी कमी केला. लाल ठिपका स्क्रीनच्या पलीकडच्या टोकाला बसून होता आणि माझ्या सुया त्याच्या अलीकडे जाऊन परत येत होत्या.

"डावी बाजू, खालचा, बारा."

खट्.

"बारा," सिस्टर म्हणाल्या.

सुई भरून परत हातात आली. मी काहीच ठरवलं नव्हतं, पण हात जरा वळला आणि ठिपका पिवळा झाला. फक्त बटण दाबायचं होतं. सिस्टरचा एक हात ट्रेखाली गेलेला मला दिसला.

"बारा झाले ना रे?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"मग काढ की."

मी काढलं. न विचारता दाबलं असतं तर तेरावा आवाज त्यांना ऐकू गेला असता, आणि नको म्हणणाऱ्या माणसाला सुई मारायची नाही हेही त्यांनीच शिकवलेलं. पण तेवढंच कारण नव्हतं. महिन्याभरापूर्वी ज्यांना भरसभेत गप्प केलं, त्यांना आता उघडं पाडून टेबलावर झोपवून "बघा, माझंच यंत्र खरं" असं म्हणायची मला लाज वाटली. मी मूग गिळून बसलो, आणि आपण मोठेपणा दाखवला असं मला वाटलं.

सर कपडे बदलायला गेल्यावर सिस्टरनी ती रिकामी बाटली परत कपाटात ठेवली.

"सर, एकदा बोलायचं होतं की तुम्ही," त्या म्हणाल्या.

"त्यांना सगळं कळतं, सिस्टर."

"कळतं हो. पण बोलायचं होतं."

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. बाराही तुकडे स्वच्छ. सरांनी अकरा वाजता मला चहाला हाक मारली. सरांच्या घरून काकूंनी सगळ्या विभागासाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवली होती. सर खुशीत होते, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यंत्राचे आता दहा झाले, ताकभाते." सगळे हसले, मीही हसलो. हसता हसता एवढं म्हणालो, की सर, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा एमआरआय करू या. "करू की," ते म्हणाले. सहा महिन्यांनी मी आठवण केली तर म्हणाले, विद्यार्थ्यांच्या परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्यावर मी आठवण केली नाही. पुन्हा सूर जुळले होते, ते बिघडवायची इच्छा नव्हती. खरं सांगायचं तर मला त्यांचा चहा हवा होता.

चौदा महिन्यांनी सर जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागले. कंबर दुखते म्हणाले. वयाचं असेल म्हणाले. मग एका शुक्रवारी राउंड अर्धा टाकून खुर्चीत बसले. रक्तातला आकडा तीन अंकी आला. हाडांच्या तपासणीत कंबर, माकडहाड आणि दोन बरगड्या काळ्या दिसत होत्या. कमरेच्या हाडातून तुकडा काढला. तो प्रोस्टेटचाच कॅन्सर निघाला.

तो रिपोर्ट मी वॉर्डच्या दारात उभं राहून वाचला. मला वाटलं होतं पायाखालची जमीन सरकेल, रडू येईल. तसं काही झालं नाही. रिपोर्टची घडी घातली, खिशात ठेवली, तीन पेशंट तपासले. घरी गेलो, जेवलो. आमटीत मीठ नाही असं बायको म्हणाली, मला ते कळलंच नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, मी उत्तरंही द्यायचो, पण सगळं काचेपलीकडून चाललंय असं वाटायचं.

हॉस्पिटलात कुजबुज होती की ताकभातेचा हात चुकला. बारा तुकड्यांत काही सापडत नाही आणि वर्षाभरात हाडात जातं, म्हणजे सुई भलतीकडे गेली असणार. मी कुणाला काही बोललो नाही. हात चुकला असता तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. सरांनी बोलावलंय, चार वाजता या.

होटगी रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. त्यांचे केस एवढे पांढरे मी आधी पाहिले नव्हते.

"बरं झालं आलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाशी बोलतच नाहीत. पुण्याहून मुलगी आली, ते तिथले मोठे डॉक्टर येऊन गेले. सगळे बाहेरच्या खोलीत आमच्याशी बोलतात आणि आत गेले की ह्यांच्याशी क्रिकेटवर बोलतात. ह्यांना काय सांगायचं, हे आम्हाला शिकवतील, म्हणतात."

सर खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. कमरेमागे दोन उशा. चेहरा सुजल्यासारखा झाला होता, कॅन्सरच्या इंजेक्शनांमुळे होतो तसा. मी स्टूलवर बसलो.

"ताकभाते, तो दिवस आठवतोय?"

"हो सर."

"क्रमाने सांग. मी महिनाभर विचार करतोय, सापडत नाही. सुई कितीची?"

"अठराची, सर."

"कोन?"

मी सांगितला. त्यांनी एकेक तुकड्याचं विचारलं. वरचा किती आत घेतलास, कडेचा किती बाहेर घेतलास, तुकड्यांची लांबी किती भरली. तोंडी परीक्षा घ्यावी तसे विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. एकही उत्तर चुकलं नाही. बाराव्यापर्यंत आल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"म्हणजे हात चुकला नाही तुझा."

"नाही सर."

"मग सुटला कसा हा? एवढा मोठा असणार तेव्हासुद्धा. बारांपैकी एकात तरी त्याचा धागा यायला हवा होता." त्यांनी कमरेमागची उशी चाचपली. "तुझ्या त्या यंत्राने ठिपका दाखवला होता, सिस्टर म्हणाल्या होत्या. कुठल्या बाजूला होता? उजव्या की डाव्या?"

"समोर होता, सर."

त्यांनी डोळे उघडले.

"समोर?"

"पुढच्या भागात. मध्यावर."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"समोर असेल तर बारांत येत नाही," ते म्हणाले.

"हो सर."

"हे तुला माहीत होतं."

"हो सर. तुम्हीच शिकवलं होतं."

"मग मी बारा म्हणालो तेव्हा तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणालात, सर. ठिपका आहे हे माहीत असून नको म्हणालात. मला वाटलं..."

"ठिपका आहे एवढंच माहीत होतं मला. कुठे आहे ते माहीत नव्हतं. मी फोटो पाहिलेच नव्हते."

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तुला सांगितलं होतं ना, मी पेशंट आहे म्हणून? पाकीट उघडलंच नव्हतं मी. मला वाटलं, असेल मागे नाहीतर कडेला, नेहमी असतो तसा. खरा असेल तर माझ्या बारांत येईलच." त्यांचा आवाज चढला नाही. "एखादी विडी वळणारी बाई नवऱ्याला घेऊन आली असती, आणि तो तेरावी सुई नको म्हणाला असता, तर काय केलं असतंस?"

"दोघांना समोर बसवलं असतं, सर. कागदावर चित्र काढून दाखवलं असतं. गाठ अशी असते, डाग इथे आहे, ह्या बारा सुया इथे पोचत नाहीत."

"किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

"आणि तो हो म्हणाला असता?"

"बहुतेक म्हणतात, सर."

"मीही म्हणालो असतो रे," सर म्हणाले.

काकू सरबताचे दोन पेले घेऊन आल्या, आमच्याकडे बघून ते टेबलावर ठेवून परत गेल्या. सरांनी मला शिव्या द्याव्यात, पेला फेकून मारावा, असं मला फार वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. कमरेमागची उशी सरकली होती, ती मी उठून नीट केली.

"तुला मला दुखवायचं नव्हतं," ते म्हणाले.

"हो सर."

"हं."

सूर्य फिरून ऊन त्यांच्या पायांवर आलं. पाय सुजले होते.

"ताकभाते, हे सगळे बाहेरच्या खोलीत बोलतात," ते म्हणाले. "त्या खोलीत काय बोलतात ते मला कुणी सांगत नाही. तू सांग. मी एसटीतून उतरून आलोय असं समज, आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही असं समज."

"सर, तुम्हाला तर सगळं..."

"तेवढं नको आता," सर म्हणाले.

मी स्टूल ओढून त्यांच्या समोर आणलं. पॅडवरचा एक कागद फाडला आणि गुडघ्यावर ठेवून कमरेचं हाड काढलं. कुठे कुठे पसरलं आहे ते खुणा करून दाखवलं. इंजेक्शनांनी काय होईल, किती महिने ती लागू पडतील, त्यानंतर काय देता येईल, आणि त्यानंतर काय देता येणार नाही, ते सांगितलं. वर्षं किती, तेही त्यांनी विचारल्यावर सांगितलं.

"दुखेल का?" सरांनी विचारलं.

"हो सर. शेवटी दुखेल. त्यावर औषध आहे. मी आहे."

त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला. चाळीस वर्षं हाडांचे फोटो वाचलेला तो माणूस माझं वेडंवाकडं चित्र सरळ धरून, मग आडवं धरून बघत होता. मग त्यांनी कागद माझ्या पुढ्यात परत ठेवला आणि एका खुणेवर बोट टेकवलं.

"हे नाही समजलं मला," सर म्हणाले. "परत सांगता का, डॉक्टर?"